ज्याची खोडी, त्याच्या हातात माइक

माणसानं तोंड उघडलं की मला त्याचा तालुका कळतो. पैज लावा! नगरला सावेडीत आमच्या बिल्डिंगला नवा वॉचमन आला. लिफ्टपाशी त्यानं मला नुसतं विचारलं, "काका, वर जायलाव का?" मी म्हणालो, "बीड जिल्हा. पण पार आतलं नाही, पाथर्डीच्या हद्दीला लागून." बिचारा हबकलाच. "आमच्या गावात वळखीचं हाय का कुनी?" म्हणाला. ओळखीचं कोण असणार, अरे बाबा! मी हगाम्यात उभा जन्म माइक धरलेला माणूस. कान तयार झालेत, दुसरं काय.

तोंडही तयार झालंय, हे सूनबाई सांगेल. "बाबा, हळू बोला, खालच्या मजल्यावरच्या आजींना तुमचं सगळं कळतं." कळू दे की! त्यांना तेवढाच विरंगुळा.

हगामा म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर बाहेरचे वाचक भलतंच समजायचे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावात कुस्त्या होतात, त्याला आम्ही नगरकर हगामा म्हणतो. कोल्हापूरकडं मैदान म्हणतात, कुठं फड, कुठं दंगल. परका माणूस आमचा शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा आधी नाकाला रुमाल लावतो, मग हसतो. कोल्हापूरचे एक वस्ताद मला म्हणाले, "बबनराव, पत्रिकेवरचं नाव वाचून आमची मंडळी इचारत्यात, तुमी नक्की कशाला चाललाय?" हसा, खुशाल हसा. पण या हगाम्यात मातीत घाम गाळायला तुमचे पैलवान दरसाल येतातच ना?

हगाम्याची रीत अशी. पैलवान आखाड्यात उतरतो आणि एक हात वर करून गोल फिरतो. म्हणजे, "माझ्याशी कोण लढतंय?" ज्याला लढायचं तो येऊन त्याचा हात धरतो. पंच दोघांची अंगलट बघतात, मग जोड ठरते. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तोवर उन्हात बसलेलं पब्लिक धरून ठेवायचं काम दोघांचं. हलगीवाल्यानं हात चालवायचा आणि निवेदकानं तोंड. हा कुणाचा भाचा, तो कुठल्या तालमीतला, याच्या बापानं कुणाला पाठीवर टाकलं होतं, हे सगळं मला पाठ असायचं. पण पब्लिक जागेवरून उठून शिट्ट्या मारायचं ते एकाच गोष्टीला. शेजाऱ्याच्या बोलीची खोडी काढली की झालं!

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आमच्या जिल्ह्यात एसटीचे दोन स्टॉप गेले की बदलते. श्रीगोंद्याचा माणूस "हाय का न्हाई" म्हणतो, शेवगाव-पाथर्डीकडं सरकलं की बोलीत मराठवाडा शिरतो, वर अकोले तालुक्याच्या डोंगरात गेलं की तिसरंच. आणि जो तो दुसऱ्याला हसतो! प्रत्येकाला वाटतं, आपण सरळ बोलतो, वाकडं बोलतो तो शेजारी.

मला या धंद्यात आणलं उस्मानचाचांनी. मी तेव्हा साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारायचो. चाचांचं स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. एकदा ते गेटवरून जाताना थांबले, ऐकत राहिले आणि म्हणाले, "ए बबन, तेरेकू भोंगे की क्या जरूरत? तू खुदच भोंगा है." त्या चैत्रापासून मी त्यांच्याबरोबर जत्रा करायला लागलो.

चाचांनी मला माइक कसा धरायचा ते शिकवलं, वारा असला तर तोंड कुठं वळवायचं ते शिकवलं, आणि एक नियम घालून दिला. "मस्करी कर, जितनी करनी है उतनी कर. पर जिसकी करेगा, माइक उसके हात में दे. उसकू बी बोलने दे." आधी मला हा नियम खुळा वाटायचा. माइक म्हणजे निवेदकाचं शस्त्र, ते कुणी दुसऱ्याच्या हातात देतं का? पण दिल्यावर काय गंमत येते, ते सांगतो.

जामखेडच्या बाजूला एक हगामा होता. बीडचे वस्ताद त्यांचे पठ्ठे घेऊन आलेले. मी सुरू झालो, "मंडळी, बीडकरांचं काही खरं नाही! जेवताना म्हणतात जेवायलो, झोपताना म्हणतात झोपायलो, आणि आज आमच्या पैलवानाखाली आले की काय म्हणतील? पडायलो!" पब्लिक गडगडाटी हसलं. पण कुस्ती झाली आणि बीडच्या पठ्ठ्यानं आमच्या श्रीगोंद्याच्या गड्याला दीड मिनिटात आभाळ दाखवलं! नियमाप्रमाणं मी माइक बीडच्या वस्तादांच्या हातात दिला. म्हातारा शांतपणे फेटा सावरून म्हणाला, "बबनराव, आमी पडायलो पडायलो म्हंतो, पन पडत न्हाई. तुमचा गडी 'उभा हाय, उभा हाय' म्हंत पाठीवर गेला की हो!" काय सांगू तुम्हाला! हलगीवाला वाजवायचं विसरला. श्रीगोंद्याचंच पब्लिक फेटे उडवायला लागलं. पडलेला आमचा गडीसुद्धा माती झटकत हसत होता. वस्ताद पुढं दरसाल यायचे आणि उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "कुठाय तो बोलभांड?"

पुण्याकडचे एक पंच होते, निवृत्त मास्तर. त्यांना कुस्तीतलं सगळं कळायचं, पण माझ्या तोंडून 'पानी' आलं की त्यांना कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. भर आखाड्यातून हात करून म्हणायचे, "पाणी! पाणी म्हणा!" एकदा मी माइकवरून म्हणालो, "मास्तर, 'ण' म्हणायला जीभ उलटी करावी लागते. इथं आधी पैलवान उलटा करायचा बाकी आहे, जिभेचं नंतर बघू." मग त्यांच्या हातात माइक दिला. मास्तर म्हणाले, "श्रोतेहो, या गृहस्थांच्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं. आज कळलं, तिला वळणही नाही." घ्या! मला चारी मुंड्या चीत केलं. त्यांच्याएवढा दिलदार माणूस मी पाहिला नाही.

अशी ही मजा. खोडी काढायची, खोडी सोसायची. शेजाऱ्याला हसायचं आणि त्याच्या तोंडून स्वतःला हसून घ्यायचं. मला वाटायचं, या कामात मी पुरा मुरलोय. आपली जीभ म्हणजे सगळ्या महाराष्ट्राची जीभ, असा माझा तोरा होता. आणि तिथंच माती खाल्ली.

श्रीगोंद्याकडचं एक गाव. हल्ली हगाम्यात मुलींच्या कुस्त्या होतात, आणि पब्लिक काय बघतं म्हणता! बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून बघतात. त्या दिवशी मुलींच्या जोड्या लागत होत्या आणि एक सडसडीत पोरगी हात वर करून फिरत होती. तिच्यामागं तिचे कपडे हातावर घेऊन एक किडकिडीत माणूस. तिचा हात धरला आफरीननं. आफरीन म्हणजे आपल्या उस्मानचाचांची नात, नगरच्या तालमीत तयार झालेली, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. जोड ठरली. मी रिवाजाप्रमाणं नव्या पोरीपाशी गेलो, माइक पुढं केला आणि विचारलं, "कुठली गं तू? नाव काय? बरोबर कोण आलंय?"

पोरगी म्हणाली, "मी यमुना. राजूरच्या वरल्या अंगाची. ह्यो मपला बाप."

राजूर म्हणजे अकोले तालुक्याचा डोंगर, तिकडं 'माझा'ला 'मपला' म्हणतात, 'तुझा'ला 'तुपला'. पब्लिकमधून हसू आलं. बारीकच आलं होतं, पण मला वास लागला. मग काय, मी सुटलो! "ऐकलंत का मंडळी? मपला बाप! मग तिकडं बसलाय तो तुपला का? आता बघा, मपला लंगोट, तुपली माती! मपला पट, तुपली पाठ!" एकेका वाक्याला शिट्ट्या. पोरं मोबाईल काढून शूटिंग करायला लागली. मी हलगीच्या ठेक्यावर 'मपली तुपली, मपली तुपली' धरलं आणि हजार माणसं माझ्यामागं म्हणायला लागली. खरं सांगतो, मला फार मजा येत होती. दिवस कलायला आला होता, कुस्त्या बऱ्याच राहिल्या होत्या. मी माइक पोरीच्या हातात दिला नाही. हलगीवाल्याला खूण केली आणि कुस्ती लावली.

कुस्ती बघण्यासारखी होती! आफरीन अंगानं भारी, पण यमुना तिच्या हाताखालून मासोळीसारखी निसटायची. दुसऱ्या मिनिटाला यमुनानं एकेरी पट काढला, म्हणजे झपकन वाकून एक पाय ओढला, आफरीनला खाली घेतलं आणि पाठीवर बसून कब्जा घेतला. आफरीनचा खांदा मातीला टेकायला चार बोटं राहिली होती. आणि सगळं पब्लिक एका सुरात ओरडत होतं, "मपली का तुपली? मपली का तुपली?"

यमुनानं पकड सोडली. उभी राहिली. हात झटकले आणि आखाड्याबाहेर चालू लागली.

आखाडा सोडला की कुस्ती गेली. पंचांनी आफरीनचा हात वर केला. यमुनाच्या बापानं लेकीच्या अंगावर ओढणी घातली, जाता जाता माझ्यापाशी थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "येतो दादा." बस, एवढंच. मी माइकवरून म्हणालो, "डोंगराची हवा थंड, पण पोरीचा पारा गरम!" आणि पुढची जोड पुकारली.

त्या आठवड्यात चाचांना भेटायला गेलो. चाचा आता खाटेवर असतात, पण आफरीननं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "माइक दिया था उसकू?" मी म्हणालो, "वेळ कुठं होता चाचा?" चाचा भिंतीकडं तोंड करून झोपले. मीही फार मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसाची तऱ्हा, म्हणून सोडून दिलं.

दिवाळी झाली. एक दिवस सकाळी बेल वाजली आणि दारात आफरीन. तालमीतून तशीच आलेली, केसाला माती.

"काका, जिल्ह्याची निवड आठ दिवसांवर आलीय."

"मग? तू आहेस की."

"मी कशी आहे? मी हरत होते! खांदा टेकत होता माझा. ती उठून गेली म्हणून मी जिंकले. तेव्हापासून प्रत्येक यादीत तिचं नाव शोधतेय, एकाही नाही. परवा अकोल्याची एक मुलगी भेटली, तिच्याकडून कळलं. तिनं कुस्ती सोडली काका. कॉलेज पण सोडलं."

"कॉलेज कशानं?"

आफरीननं मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यात मी होतो. फेटा बांधलेला, घामानं डबडबलेला, 'मपली तुपली' म्हणत नाचणारा. माझ्याशेजारी ती पोरगी खाली बघत उभी. खाली लोकांच्या हसण्याची चित्रं, ओळीनं.

"हे तिच्या कॉलेजात सगळ्यांकडं आलं. तिला नाव पडलं, मपली. वर्गात हजेरीला 'मपली', मेसमध्ये 'मपली'. ती बोलायचीच बंद झाली. मग घरी निघून गेली. काका, तिला आणा. मला तिच्याशी कुस्ती धरायचीय. ती नसताना मी जिल्ह्यात गेले, तर मला झोप नाही लागायची."

मी स्वतःला त्या मोबाईलमध्ये पुन्हा बघितलं आणि मला माझीच शिसारी आली. आतापर्यंत मी इतक्यांच्या खोड्या काढल्या, पण ते सगळे उलटून बोलणारे होते. बीडचे वस्ताद, कोल्हापूरकर, मास्तर. डोंगरातली माणसं उलटून बोलत नाहीत. ती हात जोडतात आणि घरी जातात. मी ते मान्यता समजत आलो होतो.

दुसऱ्याच दिवशी राजूरचा बाजार होता. चाचांच्या मुलाचा टेम्पो काढला. चाचांनी आपला जुना अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे स्वतः खाटेवरून उठून टेम्पोत ठेवून घेतले. म्हणाले, "माइक लेके जा." मी आणि आफरीन निघालो. संगमनेर गेलं, अकोले गेलं, घाट लागला. वाटेत आफरीन ठरवत होती, कुठला डाव टाकायचा, आणि मी ठरवत होतो, काय बोलायचं. माझा बेत पक्का होता. भर बाजारात पोरीच्या हातात माइक द्यायचा आणि म्हणायचं, काढ माझी नक्कल, काढ माझी अब्रू. नियम उशिरा का होईना पाळायचा.

बाजारात यमुनाचा बाप सापडला. नाव लहानू. तांदळाचं पोतं पुढ्यात मांडून बसला होता. मला बघून चटकन उठला, बसायला गोणपाट झटकून दिलं आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला चहा सांगितला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "लोकं हसले दादा. हसनारच. चहा घ्या, गार हुतोय."

यमुना पोत्यामागं बसली होती. मान वर केली नाही. मी तिच्यासमोर मातीत बसलो. "पोरी, चुकलं माझं. मोठी चूक झाली. आठ दिवसांनी निवड आहे, तू यायलाच पाहिजे. पण आधी हा माइक घे. इथं, सगळ्या बाजारासमोर, माझी जेवढी टर उडवायची तेवढी उडव. मी हसत उभा राहतो."

"मला नको," ती म्हणाली.

"अगं, ही रीतच आहे आमची."

"तुमची हाय. मला कुनाच्या नकला करायच्या न्हाईत. लोकं हसवून मला काय मिळनार?"

बसा आता! चाचांचा नियम चाळीस गावांत चालला आणि राजूरच्या बाजारात एका पोरीनं तो जमिनीवर ठेवला. आफरीनच मधे बोलली, "मग काय हवंय तुला? सांग ना. कुस्ती हवी? मी आलेय. आत्ता धरू."

यमुना आफरीनकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "कुस्ती धरते. पन तुमी बोलायचं. मपल्या बोलीत. सगळी कुस्ती, पहिल्यापासून शेवटापातूर. अन् एकदाबी लोकं हसवायचं न्हाई. जसं नगरच्या पैलवानाचं बोलता, तसं."

"एवढंच?" मी म्हणालो. मनात म्हटलं, जिंकली! माझ्यासारखा नकलाकार, मला काय अवघड!

बाजारालगत भात कापलेलं एक खाचर होतं. माणसांनी कुदळी आणल्या, घटकाभरात माती भुसभुशीत केली. बाजार सोडून बाया आल्या, भाजीच्या पाट्या तशाच टाकून. बाजारातलाच एक जुना पैलवान पंच म्हणून उभा राहिला. टेम्पोच्या टपावर भोंगे चढवले. दोघी मातीत उतरल्या, हातात हात दिले, आणि मी माइक तोंडाशी नेला.

आणि मला बोलता येईना!

मपला आणि तुपला, हे दोन शब्द झाल्यावर माझ्यापाशी काही नव्हतं. 'तिनं पाय धरला' कसं म्हणतात? 'मान दाबली'? 'सुटली, पुन्हा आली'? मला त्यांच्या बोलीतलं फक्त हसण्यापुरतं येत होतं. मी अडखळत सुरू झालो, "यमुना... यमुनानं मपला पाय..." एक भाजीवाली म्हातारी ओरडली, "आरं, पाय तिचा, तुपला न्हाई!" बाजार फुटला! एवढं हसणं मी माझ्या सगळ्या कारकिर्दीत कमावलं नसेल. मी पुन्हा बोललो, तर डाव्या बाजूनं आवाज, "असं न्हाई म्हनत!" पुन्हा बोललो, तर उजवीकडून, "श्रीगोंद्याचं नको, आमचं बोल!" मग त्या म्हातारीनं ताबाच घेतला. माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि एकेक वाक्य मला सांगायला लागली. "म्हन, कुढं निघाली गं?" मी म्हणालो, "कुढं निघाली गं!" "म्हन, तिढंच धर तिला!" "तिढंच धर तिला!" पहिलीच्या वर्गातल्या पोरासारखं मी म्हणत गेलो. घाम कानावरून वाहत होता. जीभ अडकत होती, पण हळूहळू ठेका सापडत होता.

आणि खाली मातीत काय चाललं होतं, अहाहा! आफरीननं ढाक मारायला घेतली, यमुना फिरली. आफरीननं मान दाबली, यमुना निसटली. पाच मिनिटं, सहा मिनिटं, कुणी कुणाला सोडेना. मग यमुनानं पुन्हा तोच एकेरी पट काढला. तोच! खाली घेतलं, घिस्सा मारला आणि आफरीनची पाठ मातीला! मी माइकवरून ओरडलो, म्हातारीनं न सांगता ओरडलो. काय ओरडलो ते नीटसं आठवत नाही, पण ते त्यांच्या बोलीत होतं, कारण कुणीच मला दुरुस्त केलं नाही. आफरीन मातीत पडल्या पडल्या हसत होती. उठली आणि तिनंच यमुनाचा हात वर केला.

यमुना माझ्याजवळ आली. धाप लागली होती, केसात माती. "काका, तुमाला लई शिकावं लागंल," म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मग बापाकडं वळून म्हणाली, "बा, मी जाते निवडीला."

मी टेम्पोच्या टपावर चढून नाचलो असतो, पण गुडघे नाही म्हणाले.

निवडीच्या दिवशी मी निवेदक नव्हतो. तिथं मॅटवर कुस्ती, शिट्टी, घड्याळ, सगळं सरकारी. मी आपला प्रेक्षकांत लहानूशेजारी बसलो. आफरीन आदल्या महिन्यात वजन वाढवून वरच्या गटात गेली होती, त्यामुळं दोघींना जागा होती. आफरीन निवडली गेली. यमुनाची शेवटची कुस्ती लागली, ती पहिल्या फेरीत मागं होती, दुसऱ्या फेरीत तिनं सलग दोनदा पट काढला आणि माझ्या घशाचं पार वाटोळं झालं. जिंकली! जिल्ह्याच्या संघात गेली! लहानू टाळ्या वाजवत नव्हता. दोन्ही हातांनी माझा दंड धरून बसला होता, आणि त्याच्या बोटांचे वळ माझ्या दंडावर दोन दिवस होते.

पोरी तालमीत जेवायला थांबल्या. लहानूला गावी परत जायचं होतं, जनावरं होती. मी त्याला नगरच्या स्टँडवर सोडायला गेलो. राजूरची एसटी लागायला वेळ होता. बाकावर बसून आम्ही भेळ खाल्ली. मी खूप बोलत होतो, नेहमीसारखा. पोरगी राज्याला खेळेल, मी स्वतः येईन, वगैरे वगैरे. लहानू ऐकत होता. मग कागद नीट घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "दादा, एक सांगू का? राग नका धरू."

"अरे, बोल की."

"मी बी पैलवान हुतो. यमुना जल्मायच्या आदी एकदा तुमच्या हगाम्याला आल्तो. पायी घाट उतरून, मग दोन गाड्या बदलून. मपली जोड लागली हुती. तुमी माइक पुढं केला, मला इचारलं, कुठला तू."

मी भेळ बाकावर ठेवली.

"मी सांगितलं. मंग तुमी बोललात. लोकं लई हसले. मी कुस्ती धरली न्हाई. घरी आलो, लंगोट घराच्या आढ्याला बांधला, तो परत काडला न्हाई. मला आनायला कुनी आलं न्हाई दादा. पोरीला तुमी आलात. बरं वाटलं."

मी आठवायचा प्रयत्न केला. कुठलं गाव, कुठलं साल, कसा दिसत होता हा. डोक्याला ताण देऊन देऊन बघितलं. काही आठवेना. माझ्या लेखी तो दिवस नव्हताच. मी कसंबसं विचारलं, "लहानू, मी काय बोललो होतो रे?"

लहानू बाकावरून उठला. घसा साफ केला. मूठ ओठांपाशी नेली, मान जराशी तिरकी केली, आणि स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली इतक्या खणखणीत आवाजात त्यानं मला सगळं बोलून दाखवलं. शब्दन् शब्द. हुबेहूब माझ्या आवाजात.